सहा नंबरच्या खांबाची चाळीस मिनिटं

१

जानरावांचा जीव जात होता तेव्हा यंत्र जागं होतं. ते त्यांच्याकडेच पाहत होतं. दर पाच मिनिटांना एक, असे त्या दुपारचे चोपन्न फोटो त्याने काढले. चोपन्नच्या चोपन्न फोटोंत आडव्या पडलेल्या म्हाताऱ्याभोवती त्याने रेघ ओढली आणि वर पिवळ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला. बुजगावणं.

"फोन वाजला नाही त्याचं कारण हे, ताई," हरीओम म्हणाला.

ज्योत्स्नाताईंनी चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे ओढली.

किन्हीराजाच्या शिवारात असे आठ खांब उभे होते. प्रत्येकावर एक कॅमेरा आणि सोलरची पाटी. जऊळक्याचा हरीओम पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन करत होता आणि हा त्याचाच प्रयोग होता. वावरात काय चाललंय ते यंत्राला माणसासारखं कळलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. हे रानडुक्कर, हा रोही, हा बैल, हा माणूस. माणूस निंदतोय की निपचित पडलाय, हेही कळलं पाहिजे. कुणाला साप चावतो, कुणाला फवारणीचं औषध चढतं, कुणाला ऊन लागतं, आणि वावरात ओरडून कुणाला ऐकू जात नाही. पंधरा मिनिटं माणूस आडवाच राहिला तर यंत्राने शेजारच्या शेतकऱ्याचा आणि हरीओमचा फोन वाजवायचा.

आता यंत्राला जन्मतः काही येत नाही. त्याला शिकवायचं काम मालेगावात चालायचं, वाशीम रोडवर बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सात मुली दिवसभर फोटोतल्या एकेका वस्तूभोवती बिंदू देत रेघ ओढायच्या आणि तिला नाव द्यायच्या. त्यांचं काम तपासून पुढे पाठवायचं ते ज्योत्स्नाताईंनी. नवरा होता तोवर याच खोलीत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मेलेल्या माणसाचा एकुलता एक फोटो घेऊन लोक यायचे, त्यात नेमके डोळे मिटलेले असायचे, आणि ताई बारीक ब्रशने ते उघडून द्यायच्या. ती नजर अजून शाबूत होती. मुलींना त्यांनी पहिल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, जे दिसतं तेच लिहायचं, जे माहीत आहे ते नाही.

म्हणून त्यांनी फोटो एकेक करून पाहिले. हरीओमने यादी पाहिली होती, ताईंनी माणूस पाहिला. एक वाजून दहा मिनिटांनी म्हाताऱ्याचा उजवा हात छातीवर होता. एक पंचविसाला तो जमिनीवर लांब पसरला होता, शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या बुजगावण्याकडे. एक पन्नासला त्या बुजगावण्याच्या हिरव्या लुगड्याचा काठ मुठीत होता. त्यानंतर काहीच बदललं नाही. सावल्या तेवढ्या लांबत गेल्या.

म्हणजे चाळीस मिनिटं. पंधरा मिनिटांनी फोन वाजला असता तर शेजारच्या वावरातल्या बबनरावांची मोटारसायकल दहा मिनिटांत पोचली असती. हा हिशेब त्यांनी स्वतःशीच ठेवला. हरीओम आधीच अर्धा झाला होता.

"यंत्र चुकलं म्हणायचं?" त्यांनी विचारलं.

"चुकलं नाही, त्याले तसंच शिकवलं." हरीओमने दुसरी फाईल उघडली. "प्रत्येक खांबाले त्याच्या वावराचे फोटो जास्त शिकवतो आपण. मार्चातले सहा नंबरचे त्रेसष्ट फोटो आहेत. सगळ्यांत जानरावबाबा पडलेले आहेत. आधी नाव होतं माणूस. एप्रिलात कोणीतरी ते पुसून बुजगावणं केलं. सगळ्या त्रेसष्टमध्ये. मे लागायच्या आत यंत्र ते शिकलं."

"कुणी?"

"संस्थेले शनिवारपर्यंत नाव कळवायचं आहे. नाही कळवलं तर खांब उपटून नेतात अन् हे ऑफिस बंद. अन् जानरावबाबाचा पोरगा गोलू ठाण्यात जायची गोष्ट करून राह्यला." तो थांबला. "लॉगिन रंजीताचं आहे, ताई."

२

तोवर गावात बातमी फुटलीच होती. तांड्यावरच्या पोरीने बुढा मारला, असं थेट बोलणं सुरू झालं होतं. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाताई स्कूटी घेऊन तांड्यावर गेल्या तेव्हा रंजीताची आई सोनीबाई दारातच उभी राहिली. ती पंधरा हंगाम ऊस तोडून आलेली बाई. अंगण ओलांडायचं तर तिला ओलांडून जावं लागणार होतं.

"पोरीले पोलिसात द्याले आल्या काय?"

"नाही. विचाराले आली."

रंजीता आत भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवसांत तिचा चेहरा उतरून गेला होता. या पोरीचं काम ताईंना तोंडपाठ होतं. फोटोतलं करडूसुद्धा ती शिंगांसकट काढायची.

"मी नाई केलं, ताई," ती म्हणाली.

"मग कोणी केलं?"

रंजीताने भिंतीकडे तोंड फिरवलं.

ताईंनी पिशवीतून हजेरीचं रजिस्टर काढलं. नाव बदलण्याचं काम एकाच दिवशी झालं होतं, रामनवमीच्या आदल्या दिवशी. त्या तारखेसमोर रंजीताची सही होती. ताई स्वतः त्या दिवशी वाशीमला डोळे दाखवायला गेल्या होत्या.

"त्या दिवशी तू कामावर होतीस?"

"होती."

सोनीबाई दारातून गरकन वळली. "कायची होती? नवमीच्या आदल्या दिवशी तं आमी समदे पोहरादेवीच्या दर्शनाले होतो. ही भावाच्या पोट्टीले खांद्यावर घेऊन रांगेत उभी नोती काय? चार तास!"

"याडी, चूप," रंजीता आईला म्हणाली, पण फार उशीर झाला होता. तिने तोंड गुडघ्यांत घातलं.

ताईंनी रजिस्टर पुन्हा पाहिलं. सहीतला 'र' जरा लफ्फेदार होता. रंजीता इतकी ऐटीत सही करत नसे. म्हणजे मुली एकमेकींच्या हजेऱ्या लावत होत्या आणि ताईंना पत्ता नव्हता. पासवर्डच्या चिठ्ठ्या तर प्रत्येकीच्या स्क्रीनलाच चिकटवलेल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईच्या नाकाखाली हे चाललं होतं.

"हजेरी कोणी लावली, रंजीता?"

"ते नाई सांगनार."

"तुझी नोकरी जाईल. गाव तोंडावर थुंकेल."

"माह्या एका दिवसाचा खाडा होऊ नये म्हनून तिनं माह्यं काम केलं, अन् मी तिचं नाव देऊ? मले माहीत नाई तिनं काय केलं. तिले इचारलंबी नाई." तिने डोळे पुसले. "तिनं वाईट केलं नसन, ताई. ते तशी नाई."

परत निघताना सोनीबाईने ताईंना पाण्याचा तांब्या दिला. एवढं झाल्यावरही दिला, याचं ताईंना जास्त वाईट वाटलं.

३

बाकी राहिल्या सहा जणी. ताईंनी मनातल्या मनात प्रत्येकीला उभं केलं. गोजरा घाईची. ज्योतीचं लक्ष मोबाइलमध्ये. वर्षाराणी तर जानरावांचीच सून, तिच्या दुःखात तिला विचारायचं तरी काय? शिवाय तिचं काम नेटकं. दोन वर्षांत तिच्या नावावर एकच शेरा होता, दिवाळीत परत पाठवलेले बारा फोटो. एकीवरही बोट ठेववेना, म्हणून त्यांनी उलट बाजूने विचार केला. म्हाताऱ्याला बुजगावणं केल्याने कुणाचं भलं होणार होतं?

गावाकडे उत्तर तयार होतं. बबनराव. जानरावांच्या वावराला लागून त्यांचं वावर, आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, अकरा वर्षांचं भांडण. फोन वाजलाच असेल आणि त्यांनी दाबून टाकला असेल, असंही काही जण म्हणत होते.

बबनराव त्याच धुऱ्यावर भेटले. पलीकडे जानरावांचा उन्हाळी भुईमूग उपटायला आला होता आणि उपटायला कुणी नव्हतं. मधोमध बांबूचा नुसता सांगाडा उभा होता.

"माह्यावर संशय हाय ना?" त्यांनी स्वतःच विचारलं. "घ्या फोन. पाहा. मार्चात तीनदा वाजला. तीनदा पळालो. पह्यल्या खेपेले तं पायात चप्पल नोती. धुऱ्याचं भांडन कोर्टात हाय, चालू राहीन. पन मानूस मरून राह्यला तं धुरा कोन पायते, ताई?"

"तीनदा पळालात. मग काय दिसलं?"

बबनरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"बुढा झोपला होता. बुजगावन्याच्या पायापाशी. अन् त्या बुजगावन्याच्या अंगावर मनकर्णावैनीचं हिरवं लुगडं."

मनकर्णाबाई म्हणजे जानरावांची बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

"तेराव्याले बाईचे समदे कपडे वाटून टाकतात," बबनराव सांगू लागले. "यानं एक लपून ठेवलं होतं. भुईमूग पेरला, डुकरं येतात म्हनून बुजगावनं केलं, तं त्याले तेच नेसवलं. दुपारची भाकर तिथंच खाये. तिच्यासंग बोले. मंग तोंडावर उपरनं घेऊन तिच्या पायाशी आडवा होये. आन् तुमचं मशीन बोंबले, मानूस पडला म्हनून."

"आणि तुम्ही ते गावात सांगितलं."

बबनरावांनी टोपी हातात फिरवली.

"सांगतलं. पारावर. मीबी हासलो, समदेच हासले. बुजगावन्याचा नवरा म्हनू लागले त्याले. दुकानात गेला तरी, पिठाच्या गिरनीत गेला तरी. तिसऱ्या खेपेले मी गेलो तं मले पाहून उठला अन् हात जोडले त्यानं. अकरा वर्सं मले शिव्या देनारा मानूस. म्हने, बबन, नको येत जाऊ रे." त्यांनी टोपीने तोंड पुसलं. "मंग फोन वाजनंच बंद झालं. मले वाटलं, शरमेनं यायचा थांबला असन. त्या सांजच्याले गुरं आनाले गेलो तवा दिसला. मूठ सुटत नोती. लुगड्याचा काठ फाडून घ्यावा लागला. तसाच हातात जाळला."

ताई सांगाड्याकडे पाहत उभ्या राहिल्या. यंत्राच्या गप्प बसण्याने भलं होणारा एक माणूस त्यांना आता दिसला होता. पण तो तर चितेवर गेला होता, आणि त्याला माउस धरता येत नव्हता.

४

शुक्रवारी दुपारी ऑफिसात हरीओम एकटाच होता.

"मार्चात यंत्राने मारलेल्या त्या तीन हाका," ताईंनी विचारलं, "त्यांचं तू काय लिहिलंस?"

"खोटी हाक. धोका नाही."

"आणि नंतर बंद झाल्या तेव्हा?"

हरीओमने मान खाली घातली. "खुश झालो, ताई. माह्या संशोधनाच्या पेपरातला आकडा सुधारला. सहा नंबरच सगळ्यात जास्त त्रास देत होता. अचानक सुधारला."

"का सुधारला, विचारलंस?"

"नाही."

त्याला रागवायचं ताईंच्या ओठांवर आलं होतं. पण त्रेसष्ट फोटोंच्या त्या फाईलच्या तळाशी त्यांचीच सही होती. तपासले, ज्योत्स्ना. शंभरात दहा उघडून पाहायचे असा नियम, म्हणून यातले सहा त्यांनी पाहिले होते. लांबून काढलेला फोटो, तोंडावर उपरणं, शेजारी लुगडं. वारं सुटलं की बुजगावणी पडतातच, हे माहीत होतं, म्हणून पास केलं. दिसतं ते सोडून माहीत आहे ते, त्यांनीच लिहिलं होतं.

"नाव बदलायचं तर जुनी रेघ पुसून नवी ओढावी लागते ना?" त्या म्हणाल्या.

"हो. अन् बिंदू कोणत्या क्रमाने दिले तेही राहते फाईलमध्ये."

"मला ते चालवून दाखव. सावकाश."

पडद्यावर पहिला फोटो आला. एक लाल बिंदू उमटला, मग दुसरा, मग तिसरा, आणि झोपलेल्या जानरावांभोवती रेघ वाढत गेली. ऑफिसचा नियम होता, डोक्यापासून सुरू करायचं. इथे पहिला बिंदू पायाच्या अंगठ्यावर होता.

दुसऱ्या फोटोतही अंगठा. तिसऱ्यातही. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फोटोंत रेघ पायांपासून निघाली होती आणि डोक्याला सर्वांत शेवटी, तेही जरा लांबूनच, वळसा घालून गेली होती. त्याच दिवशी त्याच लॉगिनवरून काढलेले बैल, बकऱ्या, इतर माणसं, सगळे मात्र डोक्यापासून होते.

"ही रंजीता नाही," ताई हळूच म्हणाल्या. "ती कुणालाच पायांपासून काढत नाही. आणि हे जिनं काढलं, तीही बाकी कुणाला काढत नाही. फक्त या एका माणसाला."

मग त्यांना दिवाळी आठवली. त्यांनी जुनी फाईल उघडायला सांगितली. परत पाठवलेले बारा फोटो. त्यात जानराव वावरात उभे होते, पटका बांधून, काठी टेकून. पहिला बिंदू बाराही फोटोंत पायांवर. खाली ताईंचा तांबडा शेरा, 'डोक्यापासून सुरू करावे.' तेव्हा ती मुलगी फक्त 'चुकलं ताई' म्हणाली होती, आणि ताईंना तो आळस वाटला होता.

"कोण आहे, ताई?" हरीओमने विचारलं.

ताईंनी पर्स उचलली. "आधी तिच्याशी बोलू दे," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून थेट किन्हीराजाला निघाल्या.

५

जानरावांच्या अंगणात गोलू बाजेवर बसला होता. पुण्याहून रात्रभर गाडीत उभा राहून आलेला, पण बापाचं तोंड त्याला चितेवरच पाहायला मिळालं होतं.

"नाव भेटलं काय, ताई?" तो उठून उभा राहिला. "मले फक्त नाव पायजे. माह्या बापाले बुजगावनं म्हननारी कोन पोट्टी व्हय ते?"

"वर्षाला भेटून येते," ताई म्हणाल्या.

आत चूल थंड होती. शेजारून आलेला डबा तसाच झाकलेला होता. वर्षाराणी भिंतीशी बसून सुपात भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. बियाण्याच्या असाव्यात. ताई तिच्याजवळ खाली बसल्या आणि त्यांनीही दोन शेंगा उचलल्या.

"वर्षा, दिवाळीतले बारा फोटो मी कायले परत पाठवले होते, आठवते काय?"

वर्षाराणीचे हात थांबले.

"पायापासून काढले होते म्हनून."

"कायले काढले होते?"

"मामाजी होते त्यात." ती अगदी साधेपणाने म्हणाली. "सकाळी त्यायच्या पाया पडूनच मी गाडी धरो. त्यायच्या डोक्यावर पह्यलं बोट कसं ठेवू, ताई? फोटो असला तरी. पह्यले पायच." मग तिने वर पाहिलं आणि ताईंना कळलं आहे हे तिला कळलं. "तुमी त्रेसष्टबी पाह्यले."

"पाह्यले."

शेंगा सुपात तशाच राहिल्या. अंगणात गोलूच्या बाजेची कुरकुर ऐकू येत होती.

"आठ वर्सं झाली माह्या लग्नाले," वर्षाराणी म्हणाली. "त्यायनं मले कधी काई मांगतलं नाई. भाजीत मीठ नसलं तरी बोलले नाईत. तिसऱ्यांदा ते समदे लोकं पळत गेले ना, त्या रातच्याले जेवले नाई. सकाळी चुलीपाशी येऊन उभे राह्यले. म्हने, 'वर्षा, तुमच्या त्या मशीनले सांग ना, मी मानूस नोहे म्हना. बुजगावनं म्हना. पन मले तिच्यापाशी येकट्याले निजू दे.' आता त्यायले कसं सांगू का मशीन माह्यं नाई? मंग नवमीच्या आदल्या दिवशी रंजीता पोहरादेवीले गेली. तिचं काम मी करून राह्यली होती. फाईल उघडली तं मामाजीच. समोर निजलेले."

"आणि तू नाव बदललंस."

"पाया पडून पडून बदललं. त्रेसष्ट खेपा." तिने एक शेंग उचलली आणि परत ठेवली. "मी म्हनलं, मामाजी, पंधरा दिवस थांबा, त्याले शिकू द्या. तं थांबले. कॅलेंडरापाशी जाऊन दिवस मोजत. मंग मीच सांगतलं. मामाजी, आता बिनघोर जा म्हनलं. कोनी नाई येनार."

'कोनी नाई येनार' हे तिनेच पुन्हा एकदा हळू म्हटलं. ताईंनी तिचा हात धरला. त्यांना सांगावंसं वाटलं की हे एकट्या तुझं नाही. हसलं गाव, खोटी हाक लिहिली हरीओमने, सही माझी. पण त्याने तिचं ओझं तसूभर हललं नसतं.

"रंजीताचं नाव निघालं हे मले काल समजलं," वर्षाराणी म्हणाली. "उद्या मी येनारच होती ऑफिसात. देवाशपथ."

"तिनं तुझं नाव दिलं नाही."

"ते नाई द्याची."

मग ती सुपातली टरफलं वेचू लागली. बोलली तेव्हा आवाज इतका खाली होता की ताईंना वाकावं लागलं.

"ताई, त्या दिवसचे समदे फोटो तुमी पाह्यले ना? बबनकाका म्हनतात, मूठ मिटली होती. लुगडं धरून. मले झोप नाई येत. ते लगेच गेले ना? वाट तं नाई पाह्यली ना कोनाची?"

ताईंच्या डोळ्यांपुढे तो हात आला. छातीवरचा, मग मातीत लांब झालेला, मग काठ पकडलेला. एक दहा, एक पंचवीस, एक पन्नास. आयुष्यभर त्यांनी एक चुकीचा फोटो पुढे जाऊ दिला नव्हता, असं त्या परवापर्यंत समजत होत्या.

"एक दहाच्या फोटोतच मूठ मिटलेली आहे," त्या ठामपणे म्हणाल्या. "काठ धरूनच निजले होते ते. रोज तसेच निजत असतील. त्याच्यानंतर काहीच हाललं नाही, वर्षा. झोपेतच गेले."

"पक्कं?"

"मी तपासलं ना."

तेव्हा वर्षाराणी रडली. सासरा गेल्यापासून पहिल्यांदाच, सुपावर ओणवी होऊन, आवाज न करता. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग तिने डोळे पुसले, डोक्यावरून पदर घेतला आणि उठून अंगणात गेली.

"अहो," ताईंना आतून ऐकू आलं. "नाव मी सांगते."

बाहेर ती बोलत होती आणि गोलू ऐकत होता. तो ओरडेल, काहीतरी फेकेल, म्हणून ताई उंबऱ्यापर्यंत आल्या. पण तो बाजेवर खाली बसला होता.

"मले काहून नाई सांगतलं बापानं?" तो म्हणत होता. "मी तं रोज फोन करो. रोज इचारो, बाबा, बरं हाय ना?"

वर्षाराणी त्याच्या पायाशी जमिनीवर बसली आणि दोघं तशीच बसून राहिली.

शनिवारी सकाळी हरीओमच्या टेबलावर ताईंनी अहवाल लिहिला. नाव बदललं वर्षाराणीने, जानरावांच्या सांगण्यावरून. तपासून पुढे पाठवलं मी. हाका थांबल्या तेव्हा कुणी कारण विचारलं नाही. रंजीताचा यात काही संबंध नाही, आणि ही ओळ त्यांनी दोनदा अधोरेखित केली. हरीओमने वाचलं आणि स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने घातलं. ठाण्यात जायची गोष्ट गोलूने पुन्हा काढली नाही. रंजीता सोमवारी कामावर यायची होती. वर्षाराणी आता येणार नव्हती, तिने तसं कळवलं होतं.

छापील नमुन्यात शेवटी एक रकाना होता, 'व्यक्तीची शेवटची हालचाल, वेळ'. हरीओम म्हणाला, "ते फोटो पाहून लिहावं लागीन, ताई. मले पाहवत नाही."

"मी पाहिलेत," ताई म्हणाल्या.

स्टुडिओतला तो बारीक ब्रश अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता. त्या ब्रशने उघडलेले डोळे किन्हीराजातल्या कितीतरी भिंतींवर अजून पाहत होते, आणि त्याला कधी कुणी खोटं म्हटलं नव्हतं. त्यांनी पेन उचललं. रकान्यात एक वाजून दहा मिनिटं असं लिहिलं आणि खाली सही केली. तपासले, ज्योत्स्ना.